दुसऱ्याच्या खुर्चीत

आमच्या शाळेचे मोठे सर रोज सकाळी आमच्या खुर्च्यांत बसत. एकेका खुर्चीत दोन-दोन मिनिटं, डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून. शिक्षकखोलीत चौदा खुर्च्या होत्या, लोखंडी, नायलॉनच्या पट्ट्यांनी विणलेल्या. शाळा सातला भरायची आणि सर सहाला यायचे ते ह्या खुर्च्यांसाठीच. नोकरीच्या दुसऱ्याच दिवशी शिपाई मावशींनी मला हे सांगितलं आणि वर म्हणाल्या, "तुमच्या खुर्चीत आज जरा जास्तच येळ बसले." मला वाटलं, नवीन माणसाची फिरकी घेतायत. पण पावणेसातला सर माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "बाई, तुमच्या खुर्चीत हसू पुष्कळ आहे. चांगलं आहे. फक्त ते कुणावरचं आहे ते तपासत जा."

मी हसले.

शाळा भिवंडीतच, राहनाळच्या अंगाला. एका भिंतीपलीकडे लूमचा कारखाना, मागे गोदामं. दोन हजार सालानंतरची ती तीन-चार वर्षं. मी गणिताची शिक्षणसेविका होते. म्हणजे तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर राबायचं, कुणाची नाराजी ओढवून घ्यायची नाही, मग कायम. माझी तीनाची चार झाली, आणि ती माझ्याच कर्मानं झाली.

सर दिसायला अगदी साधे. शिडशिडीत अंग, पांढरा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट. बुटांचा आवाज म्हणून नाही. मागे येऊन उभे राहिले तरी पत्ता लागायचा नाही. लूमच्या खडखडाटात आम्ही सगळे ओरडून बोलायचो, घरी गेल्यावरही ओरडून बोलायचो. सर तेवढे हळू बोलत. ऐकायचं तर त्यांच्या जवळ जावं लागे, आणि जवळ जायला कुणी फारसं राजी नसे. भीती वाटायची. ते रागावत नसत, शिक्षा करत नसत, तरी वाटायची.

वाटेल नाहीतर काय? एकदा मराठीच्या बाई मस्टरवर सही करत होत्या. सर म्हणाले, "तुम्ही घरी जा. तुमच्या खुर्चीत आज कुणीतरी पडलेलं आहे." बाई म्हणाल्या, सर, घरी सगळं ठीक आहे, आत्ताच तर निघाले. "जा," सर म्हणाले, "तुमचे तास मी घेतो." बाई कुरकुरत गेल्या. दार आतून बंद होतं आणि सासरे न्हाणीत पडलेले होते. अजून तासभर उशीर झाला असता तर म्हातारा हाती लागला नसता, असं डॉक्टर म्हणाले. बाई दुसऱ्या दिवशी आल्या त्या सरांच्या पाया पडायला. सरांनी पाय मागे घेतले आणि विचारलं, आठवीचा निबंध तपासून झाला का.

पीटीच्या सरांची गोष्ट तर मी स्वतः पाहिलेली. एका सकाळी मी लवकर पोचले. मोठे सर एकेक खुर्ची करत येत होते. पीटी सरांच्या खुर्चीपाशी थांबले, बसायला वाकले आणि तसेच सरळ झाले. पुढच्या खुर्चीत गेले. तीन दिवस त्यांनी ती खुर्ची वगळली. चौथ्या दिवशी पीटी सरांनीच छाती काढून विचारलं, "काय सर, आमच्या खुर्चीला काय काटे आहेत काय?" सर म्हणाले, "तिथे जागा नव्हती. कुणीतरी बसलेलं होतं. तुमच्यापेक्षा लहान." त्या आडदांड माणसाचा चेहरा पांढराफटक पडला. धाकटा भाऊ दोन वर्षांपूर्वी ह्याच आठवड्यात गेला होता आणि त्यांनी शाळेत कुणाला ते सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी मैदानाची ड्युटी आम्ही आपापसांत वाटून घेतली. कुणाला सांगावं लागलं नाही.

आता ह्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. मी गणिताची बाई, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण सर येण्याआधी ह्याच शिक्षकखोलीत दोन गट होते, दोन वेगळे चहा व्हायचे, आणि कुणाची रजा कशी अडकवायची ह्यावर खलबतं चालायची, असं जुनी मंडळी सांगत. सरांनी भाषण एकही दिलं नाही. झालं एवढंच, की खुर्चीनं सांगण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं, असं एकेकाला वाटायला लागलं. लोक सकाळी येऊन आपणहून बोलायचे, मुलाला ताप आहे, नवऱ्याशी वाजलंय, रात्रभर झोप नाही. मग दुसरा कुणीतरी तास उचलायचा. भीतीपोटी का होईना, आम्ही एकमेकांना विचारायला लागलो होतो.

एकदा ठाण्याहून एक तज्ज्ञ आले. विषय होता शाळेतली निरोगी कार्यसंस्कृती. प्रोजेक्टर लावला, पडद्यावर एक गोल आणि त्यात सहा बाण आले, आणि लाईट गेली. तज्ज्ञांनी आम्हाला चिठ्ठ्या दिल्या, शेजाऱ्याचा एक चांगला गुण लिहा म्हणून. चहाच्या सुट्टीत सर त्यांच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले. दोन मिनिटांनी उठले आणि गृहस्थांच्या कानाशी काहीतरी बोलले. ते ऑफिसात फोन करायला गेले, बाहेर आले ते हातात बॅग घेऊनच. जेवायलाही थांबले नाहीत. सरांना आम्ही विचारलं तर म्हणाले, "त्यांची चिठ्ठी कुणी लिहीत नव्हतं." ह्यापलीकडे आम्हाला आजवर कळलेलं नाही.

सरांचा नियम एकच होता. जो समोर नाही त्याच्याबद्दल बोलायचं तर त्याच्या खुर्चीत बसून बोलायचं, आणि 'मी' म्हणून बोलायचं. 'त्या बाई रोज उशिरा येतात' असं चालणार नाही. त्यांच्या खुर्चीत बसा आणि म्हणा, 'मी रोज उशिरा येते.' करून बघा. दुसऱ्या वाक्याला जीभ जड होते, कारण 'मी'नंतर कारण द्यावं लागतं. ह्या एका नियमानं शिक्षकखोलीतल्या चहाड्या आटल्या.

आटल्या म्हणजे तिथून उठून मागच्या पाण्याच्या टाकीपाशी गेल्या. आणि टाकीपाशी त्यांची मालकीण मी होते.

मला नकला छान यायच्या. लहानपणापासूनच. कुणाचंही बोलणं दोनदा ऐकलं की जिभेवर बसायचं. टाकीपाशी चार-पाच जणं जमायची आणि मी सुरू व्हायचे. आणि त्या वर्षी मला गिऱ्हाईक मिळालं होतं ते गावित सरांचं. वज्रेश्वरीच्या पलीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरचा हा मुलगा, माझ्यासारखाच शिक्षणसेवक, विज्ञान शिकवायचा. त्याच्या घरात पहिलाच शिकलेला तो. वर्गात पुस्तकी बोलायचा, पण घाई झाली, घाबरला, की 'हाय', 'न्हाय', 'मना ठाव न्हाय' असं सुरू व्हायचं. मी त्याचं ते घाबरणं अगदी हुबेहूब करायचे. खांदे आत घ्यायचे, नजर खाली, आणि "मना ठाव न्हाय, सर." लोक पोट धरून हसायचे. दुष्टपणा म्हणून मी ते केलं नाही, एवढंच म्हणू शकते. लोक हसले की मला बरं वाटायचं. दुसऱ्याच्या जिवावर बरं वाटून घेणं ह्याला दुष्टपणाच म्हणतात, हे कळायला मला वेळ लागला.

त्याच्या कानावर गेलं असणार. तो बोलायचा कमी झाला. मग फक्त मान हलवायला लागला. मीटिंगमध्ये नाव पुकारलं की उभा राहायचा, तोंड उघडायचा, समोर कुणाच्या तरी ओठांवर हसू फुटताना दिसायचं, आणि खाली बसायचा.

जानेवारीत दहावीची पूर्वपरीक्षा आली. गणिताचा पेपर मी काढलेला. नियम असा की झेरॉक्सच्या दुकानात स्वतः उभं राहायचं, प्रती काढून घ्यायच्या, मूळ कागद परत घ्यायचा आणि वाया गेलेल्या प्रतीही सोडायच्या नाहीत. मी दुकानात पोचले आणि लाईट गेली. भिवंडीत तेव्हा लाईट गेली की तीन-चार तासांची निश्चिंती. त्या संध्याकाळी मला बघायला पाहुणे येणार होते, आईनं सतरा वेळा बजावलं होतं. मी मूळ पेपर दुकानदाराच्या हातात दिला आणि म्हणाले, "लाईट आल्यावर साठ काढून ठेवा, सकाळी आमचे सर येऊन नेतील." सकाळी गावित सरांना पाठवलं. त्यांनी गठ्ठा आणला, मूळ पेपर वेगळ्या पाकिटात घालून दोन्ही सील केलं, रजिस्टरवर सही केली.

परीक्षेच्या दिवशी अर्ध्या वर्गाला पेपर पाठ होता. दुकानदारानं एक प्रत जवळच्या क्लासवाल्याला दिली होती, हे पुढे कळलं. तेव्हा कळलं एवढंच, की पेपर फुटला आणि रजिस्टरवर सही गावित सरांची आहे.

संस्थेचे सचिव गाडी घेऊन आले. मूळचे गावातले शेतकरी, आता चार गोदामांचे मालक. "मास्तर, सही कोनाची हाय? त्याची. मंग झाला ना. सोमवारी त्याला काढल्याचा कागद माज्याकडं पायजे." मोठे सर म्हणाले, "सोमवारपर्यंत मुदत द्या. मी विचारतो." गावित सरांना विचारलं गेलं. ते उभे राहिले, तोंड उघडलं, इकडे तिकडे पाहिलं, आणि काहीही न बोलता बसले. दुसऱ्या दिवसापासून आलेच नाहीत. गावी गेले म्हणून कळलं.

मी गप्प होते. रोज ठरवायचे, आज सांगू, आणि रोज शेवटचा तास संपला की थेट घरी निघायचे. माझ्या तिसऱ्या वर्षाचे शेवटचे चार महिने उरलेले. मी सांगितलं तर माझी नोकरी, नाही सांगितलं तर त्याची. हा हिशेब मला कळत होता आणि मी त्याची नोकरी द्यायला तयार झाले होते. एका सकाळी मोठे सर माझ्या खुर्चीतून उठले, माझ्याकडे बघितलं आणि पुढे गेले.

गुरुवारी दुपारी शाळा सुटल्यावर सरांनी सगळ्यांना बसवलं. "गावित सर इथे नाहीत," ते म्हणाले. "त्यांच्याबद्दल बोलायचं आहे. तेव्हा नियमाप्रमाणे कुणीतरी त्यांच्या खुर्चीत बसा." कुणी हलेना. मग सर माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही बसा. तुम्हाला त्यांचं बोलणं येतं."

म्हणजे टाकीपाशीचं त्यांना ठाऊक होतं. मी उठले, त्या खुर्चीत बसले. पट्ट्या गार होत्या. 'मी' म्हणून सुरुवात करायची होती. मला दुसरं काही सुचेना म्हणून मी जे येत होतं तेच केलं. खांदे आत घेतले, नजर खाली नेली आणि म्हणाले, "मना ठाव न्हाय, सर." दोघं-तिघं सवयीनं हसले.

तेवढ्यात लाईट गेली. पंखे थांबले, आणि भिंतीपलीकडचे लूम एकदम बंद पडले. इतकी शांतता झाली की कान दुखले. मला वाटलं, आता थांबावं. पण तोंड थांबेना.

"मी गेलो तवा सकाळचे आठ झालेले," मी बोलत होते. आवाज माझा नव्हता. नक्कल करताना आवाज आपण धरून ठेवतो, तो आपल्या हातात असतो. हा हातात नव्हता. "गठ्ठा बांधून ठेवलेला व्हता. बाईंचा कागद काचेवर, त्याच्यावर च्याचा कप ठेवलेला. उचलला तर गोल डाग पडलेला. मी माज्या शर्टानं पुसला, पन गेला न्हाय. मना कळलं, कागद रातभर हितंच व्हता. बाईंना इचारावं असं आलं मनात. पन बाई हसतात. मी तोंड उघडलं का सगळी हसतात. म्हनून मी न्हाय इचारलं."

मग ते थांबलं. मावशी दाराशी उभ्या होत्या, त्यांनी हात जोडले. "बाईंच्या अंगात आलं," त्या पुटपुटल्या. "अंगात देव येतात, मावशी," मोठे सर म्हणाले. "हे विज्ञानाचे सर आहेत." ते उठले, कपाट उघडलं, मूळ पेपरचं सील केलेलं पाकीट काढलं आणि सगळ्यांसमोर फोडलं. मूळ पेपर बाहेर काढून खिडकीच्या उजेडात धरला. वरच्या कोपऱ्यात चहाचा गोल डाग होता, पुसायचा प्रयत्न केलेला. मी तो पेपर दुकानदाराच्या हातात कोरा करकरीत दिला होता. त्यानंतर तो माझ्या डोळ्यांसमोर आलाच नव्हता.

सरांनी क्लार्कला सांगितलं, "इतिवृत्तात लिहा, गावित सरांनी निवेदन केले."

"सर, ते गैरहजर आहेत."

"लिहा." मग माझ्याजवळ येऊन, अगदी हळू, "हे त्यांचं झालं. तुम्ही अजून काही बोलला नाहीत." मी तोंड उघडलं आणि खरंच काही आलं नाही. सगळे घरी गेले. मी अंधारत्या खोलीत त्याच खुर्चीत बसून होते आणि उठायची भीती वाटत होती, उठल्यावर आपण कोण असू म्हणून.

रविवारी सकाळी सर आमच्या घरी आले. चहा नको म्हणाले, फक्त, "वज्रेश्वरीची बस साडेनऊला आहे." मी चप्पल घातली. बसनं अंबाडीचा फाटा मागे टाकला. मग सर खिडकीबाहेर बघत सांगायला लागले. "माझ्या पहिल्या शाळेत चित्रकलेचे एक सर होते. अडखळत बोलायचे. मी त्यांची नक्कल करायचो, तुमच्यासारखी चांगली. एक दिवस माझं स्वतःचं बोलणं अडखळायला लागलं. आठवडाभर. मी घाबरलो, पण त्यांच्याकडे गेलो नाही. वाटलं, जाईल आपोआप. माझं गेलं."

"आणि त्यांचं?"

"ते वारले. त्यांच्या खुर्चीत मी पहिल्यांदा बसलो ते त्यानंतर." उतरताना म्हणाले, "मी आज तिथे बोलणार नाही. माझा काही उपयोग नाही तिथे."

नदी ओलांडून तासभर चालल्यावर पाडा लागला. गावित सरांची आई अंगणातच भेटली. मी नाव सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. "गुरवारपासून बोलं न्हाय तो," ती म्हणाली. "दुपारचा बसलेला, मना सांगत व्हता कायतरी, बोलता बोलता थांबला. मंग तोंडातून शबुदच न्हाय. भगत झाला, डागतर झाला. घसा चांगला हाय म्हंतो डागतर." तिनं वर सूर्याकडे हात करून दाखवला, कुठे होता तेव्हा. आमची मीटिंग चालू होती तीच वेळ.

मागे फिरून पळत सुटावं असं वाटलं. सर अंगणाच्या कडेला एका दगडावर जाऊन बसले होते, गुडघ्यांकडे बघत.

गावित सर ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसले होते. वाळले होते. मला पाहिलं आणि परत सोलायला लागले. मी समोर उभी राहिले. आपला आवाज कसा होता ते मला आठवेना, तरी बोलले.

"गावित सर, पेपर मी रात्रभर दुकानात ठेवला. लाईट गेली होती आणि मला घरी जायचं होतं. नियम मला माहीत होता. तुमच्यावर आलं तेव्हा मी गप्प बसले. माझी नोकरी जाईल म्हणून. आणि टाकीपाशी तुमची नक्कल मीच करायचे, रोज. उद्या सकाळी मी सचिवांना हे सगळं लिहून देणार आहे. तुम्ही या नाहीतर येऊ नका, मी देणार आहे."

आवाज माझाच होता, चिरका, जरा मोठा. लूमच्या गावचा.

त्यांनी एक शेंग सोलली, दाणे सुपात टाकले. दुसरी सोलली. तिसरी हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली. म्हातारी दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"आये," ते म्हणाले. खरखरीत, बऱ्याच दिवसांनी दार उघडावं तसं. "बाई उनातून आल्यात. त्यांना पानी दे."

म्हातारी पाण्याला गेलीच नाही. ती तिथेच उंबऱ्यात खाली बसली आणि पदर तोंडात धरून रडायला लागली. पाणी शेवटी मोठ्या सरांनी आणलं.